सा रे ग म आणि नावे-जमा

आमच्या नशिराबादच्या घरात संगीत आले ते पोस्टाचा शिक्का मारून. आजोबांनी रेडिओ घेतला तेव्हा त्याचे लायसन काढावे लागे आणि ते वरचेवर ताजे करून घ्यावे लागे. म्हणजे आजोबा बुधवारी रात्री आठला सिलोनवर 'बिनाका गीतमाला' ऐकत, ती रीतसर सरकारी परवानगीने! गंमत अशी की ही गाणी सिलोनहून ऐकण्याची पाळी आली तीही सरकारमुळेच. १९५२ साली नभोवाणी मंत्री झालेल्या डॉ. बा. वि. केसकरांनी (माणूस पुण्याचा, हे वेगळे सांगायला नको) सिनेमाची गाणी आपल्या रेडिओवरून जवळजवळ हद्दपार केली. श्रोते निमूटपणे समुद्रापलीकडे गेले. त्यांना परत आणण्यासाठी १९५७ साली 'विविध भारती' काढावी लागली. लायसन १९८५ साली गेले. आजोबांचे लायसनचे पुस्तक मात्र अजून आमच्या देव्हाऱ्याखालच्या खणात आहे.

बी. कॉम.ला इतिहास नव्हता, म्हणून मी तो मागून पुढे सांगतो आहे, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. खरी सुरुवात १९०२ची. त्या वर्षी कलकत्त्यात गौहरजानने गेझबर्ग नावाच्या साहेबाच्या कर्ण्यात तोंड घालून गाणे म्हटले, आणि संपताच आपले नाव इंग्रजीत ओरडून सांगितले. तबकड्या जर्मनीत उमटायच्या, तिथल्या माणसाला कळावे की ही कोण! व्हाउचरखाली सही असते ना, तसेच ते. तबकडी तीन मिनिटांची. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे आमच्या शाखेत मार्चअखेरचे काम चहाच्या सुट्टीत उरकण्यासारखे आहे. पण त्या लोकांनी ते केले.

मग १९४८ची लाँगप्ले, १९६३ची कॅसेट, १९८२ची सीडी. सीडीपाशी माझ्यातला कारकून जागा झाला. ती आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० वेळा नोंद घेते, प्रत्येक नोंद १६ अंकांची, आणि डावे-उजवे अशी दोन खाती. गुणाकार केला : सेकंदाला १४,११,२०० अंक. गाणे म्हणजे लेजरच की!

पुढे वेतन कराराची थकबाकी हाती आली आणि मी बिघडलो. चांगला ॲम्प्लिफायर, कपाटाएवढे दोन स्पीकर, अंकांचा पुन्हा आवाज करणारा एक छोटा डबा (त्याला डॅक म्हणतात), आणि या सगळ्यांना गाणी पुरवायला एक संगणक. "एवढ्यात ओटा नवा झाला असता," असे सौभाग्यवती म्हणाल्या. हिशेब बरोबर होता, म्हणून मी वाद घातला नाही.

जोडणीला तीन रविवार गेले. पहिला रविवार नुसता 'घूंऽऽ' ऐकण्यात; संगणकाचा चार्जर काढताच तो घूं गेला. दुसऱ्या रविवारी डब्यावरच्या आकड्याकडे लक्ष गेले. सीडीचे गाणे लावले तरी तिथे ४८ दिसे. म्हणजे संगणक कोणाला न विचारता ४४,१००चे ४८,००० करत होता! कान म्हणत होता, फरक नाही. पण एका पैशाचा फरक शोधण्यासाठी रात्री नऊपर्यंत बसलेला माणूस मी. शेवटी एक खूण सापडली : डॅकचा ताबा एकट्या गाण्याच्या प्रोग्रॅमकडे द्यायचा. दिला. ४४.१ आले. खाते जुळले. मी पेढे आणले.

आता कोट्यवधी गाणी आमच्या ओसरीवर वाहत येतात. अब्दुल करीम खाँ आहेत, बालगंधर्व आहेत. आजी नाही.

आजी असोद्याची, बहिणाबाईंच्याच माहेरगावची. बहिणाबाईंची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, लिहून घेतलेली होती, म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक निघाले. आजीला लिहून घेणारे कोणी नव्हते. १९८७ साली काकांनी तिच्या जात्यावरच्या ओव्या एका कॅसेटवर उतरवल्या, तेवढ्याच. आता त्या कॅसेटमधली नमद्याची चकती गळून पडली होती, फीत कुरकुरत होती. पाच स्क्रू काढून फीत दुसऱ्या कॅसेटच्या पोटात घातली आणि जुन्या डेकची वायर संगणकात खुपसली. पुन्हा एकदा वाजली तर वाजली, नाही तर संपले, अशी तिची अवस्था. बटण दाबताना माझा हात थरथरत होता; कॅशमध्ये असताना कधी थरथरला नव्हता.

आजी आली. जात्याची घरघर, मध्येच कोणाला तरी "व्हय बाजूले" म्हणणे (तो मीच असणार), आणि पुन्हा गळा. तेविसाव्या मिनिटाला वीज गेली. संगणक बॅटरीवर चालू, डेक बंद. वीज आल्यावर पाहतो तर फीत रबरी चाकात चिमटून चुरगळलेली. पेन्सिलने, नखाने सरळ केली. पुढचे सगळे आले. तेवढी एक ओळ गेली.

संध्याकाळी सगळ्यांना बसवून ऐकवले. यादीत मी रीतसर लिहिले होते : कलाकार – आजी. आई भरताची वांगी निवडत होती. ती आणि आजी एकाच जात्यावर समोरासमोर बसून दळत असत, हे माझ्या ध्यानातच नव्हते. ती रिकामी जागा आली, आणि आईने मान वर न करता गेलेली ओळ म्हटली. अगदी त्याच चालीत.

मी धावत जाऊन माईक आणला. "आई, पुन्हा म्हण."

"आता नई ये," आई म्हणाली. "जातं कुठी हाये?"