फुफ्फुसातल्या गाठीचा माग

1895 मध्ये रोंटगेनने क्ष-किरण शोधले आणि छातीत डोकावता येऊ लागलं. तरी लहानशी गाठ बरगडीआड सहज लपे. 1971 मध्ये लंडनला हाउन्सफील्डच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू टिपला. पुढे छातीचीही पाळी आली.

मग नवाच पेच पडला. गाठी दिसू लागल्या, पण घातक कोणती? अमेरिकेतल्या 53,454 जणांच्या चाचणीचे निष्कर्ष 2011 मध्ये आले: एक्स-रेच्या तुलनेत सीटीमुळे फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू 20 टक्क्यांनी घटले, मात्र सीटीत संशयास्पद ठरलेल्या निकालांपैकी 96 टक्के खोटे निघाले. एवढ्या माणसांना विनाकारण घोर लागला!

इतर चाचण्याही ठाम उत्तर देत नाहीत. कर्करोग उजळून दाखवणाऱ्या पेट स्कॅनमध्ये क्षयाची गाठही उजळते. रक्तातलं सीईए हे कर्करोगसूचक प्रथिन धूम्रपानानेही वाढतं.

म्हणून जुन्या फिल्म्स जपून ठेवा. दोन वर्षांत न वाढलेली भरीव गाठ बहुधा निरुपद्रवी असते.