हस्तिदंती वस्तरा

वडिलोपार्जित मिळकत म्हणून लोकांना शेत मिळतं, वाडा मिळतो, निदान भाऊबंदकी तरी मिळते. माझ्या वाट्याला वस्तरा आला. सालेकशाचं जुनं घर रिकामं करताना भावानं पितळी भांडी उचलली, बहिणीनं शिसवी पाट नेले आणि तळाला राहिलेली पत्र्याची पेटी, "तू इतिहासाचा मास्तर, तुलाच शोभेल," असं म्हणून माझ्या हातात ठेवण्यात आली.

आमच्या घराण्यात या वस्तऱ्याची कीर्ती मोठी. त्याची मूठ हस्तिदंती, आणि दरेकशाचा बोगदा खोदणाऱ्या गोऱ्या इंजिनिअरनं खूश होऊन तो पणजोबांना बक्षीस दिला, अशी कथा. साहेब खूश होण्याचं कारण म्हणजे पणजोबांनी त्याला वाघापासून वाचवलं. काकांच्या आवृत्तीत वाघाऐवजी अस्वल होतं. सालेकशाच्या रानात दोघांचीही सोय असल्यामुळे कोणी जास्त चौकशी केली नाही.

पेटी उघडली तेव्हा पातं गंजून गुळाच्या रंगाचं झालेलं. पुतण्या म्हणाला, "काका, धारवाल्याच्या चाकावर धरू. दोन मिनिटांत लख्ख!" मी वस्तरा पाठीमागे लपवला. वस्तऱ्याचं पातं पाठीला जाड, पोटाला खोल कोरलेलं आणि धारेला कागदाहून पातळ. चाकावर ते क्षणात तापतं, निळं पडतं आणि पोलादाचं पाणी उतरतं. मग त्यानं फारतर केळं कापावं.

म्हणून रॉकेल, चिंध्या, बारीक वॉटरपेपर आणि निवृत्त माणसाला लाभतो तेवढा वेळ घेऊन मी ओसरीवर बसलो. गंज गेल्यावर निसणा. इथे एक गंमत कळली. वस्तरा दगडावर अगदी आडवा ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही टेकवून. धारेचा कोन किती, हे कारागिरानं पाठीच्या जाडीतच ठरवून ठेवलेलं असतं, आपली अक्कल चालवायची गरज नाही. दगडावर धार पुढे करून चालवायची आणि चामड्याच्या पट्ट्यावर मात्र उलट, पाठ पुढे. पट्ट्यावर धार पुढे केली तर पट्टाच सोलून निघतो. कुरुंदाचा बारीक दगड मिळाला तर उत्तम. आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, पोहऱ्याकडे, कुरुंद सापडतो. मला मात्र गोंदियाच्या बाजारातल्या साध्या दगडावर भागवावं लागलं.

तिसऱ्या दिवशी गंजाखालून अक्षरं निघाली: 'शेफील्ड', आणि खाली 'इंग्लंड'. मी आनंदानं ओरडलो आणि लगेच गप्प झालो. कारण अमेरिकेनं १८९० साली जकातीचा कायदा केला आणि परदेशी मालावर देशाचं नाव हवं अशी अट घातली. तेव्हापासून शेफील्डचे कारखानदार 'इंग्लंड' हा शब्द सर्रास ठोकू लागले. आमच्या भागातून गेलेली नागपूर-छत्तीसगड लाईन त्याच्या बऱ्याच आधीची. १८८७ साली निघालेल्या बंगाल नागपूर रेल्वेनं ती घेऊन ब्रॉडगेज केली आणि १८९१ पर्यंत पार आसनसोलपर्यंत नेली. म्हणजे बहुधा वस्तरा जन्मायच्या आत साहेब बोगदा खोदून निघूनही गेला होता. वाघ गेला, अस्वलही गेलं.

मूठ अंगठ्यानं जोरात चोळली तर कापराचा वास आला. हस्तिदंताला कापराचा वास येत नाही, सेल्युलॉइडला येतो, कारण ते कापूर घालूनच बनवतात. "मग देवघरात ठेवा," सौभाग्यवती म्हणाल्या. हे सेल्युलॉइड जुनं झालं की कुजतं आणि त्यातून आम्लाची वाफ सुटते. बंद पेटीत आमच्या हस्तिदंतानंच आमचं पोलाद खाल्लं होतं.

पण पेटी इतकी वर्षं बंद का राहिली? नव्वदी ओलांडलेल्या आत्याला फोन केला. "साहेबाचा कसला? तुझ्या आजोबांनी पगारातून घेतला होता," ती म्हणाली.

आजोबा सालेकशाला तारबाबू. त्या काळी दाढी हा स्वतः करायचा विषयच नव्हता. न्हावी हा बारा बलुतेदारांतला एक. धोकटी घेऊन तो दारी यायचा आणि सुगीत धान्य न्यायचा. सोमवार नाही, शनिवार नाही, एकादशी नाही, अमावास्या नाही. रेल्वेच्या ड्यूटीला हे पंचांग कसं जमणार? अमेरिकेत जिलेटसाहेबांनी १९०३ सालीच ब्लेडचा रेझर विकायला काढला होता. पहिल्या वर्षी खपले एक्कावन्न. तो सालेकशाला पोचेपर्यंत आजोबांनी वस्तरा घेतला.

पुढे पणजोबा वारले. गावाकडची वडील मंडळी जमली आणि पणजीच्या केशवपनासाठी न्हाव्याला मागच्या दारी बोलावलं. तो आला, बसला, पण धोकटी सोडीना. "मास्तर, हे काम आपल्याच्यानं होत नाही जी," एवढंच म्हणाला. तेव्हा कोणी काका कडाडले, "घरात साहेबी वस्तरा आहे ना? मग मुलानंच उरकावं!" आजोबा उठले. वस्तरा पेटीत घातला, कुलूप लावलं, किल्ली जानव्याला बांधली. दिवाणखान्यातल्या फोटोत त्यांची छातीपर्यंत दाढी आहे. पाहुणे त्यांना कुठले महाराज समजून हात जोडायचे. आम्हीही विरक्तीच समजत होतो. पणजीचा अंबाडा सोडून खेळल्याचं आत्याला अजून आठवतं.

मी पुस्तकं काढली. १८९० साली, म्हणजे ज्या वर्षी अमेरिकेचा तो कायदा झाला त्याच वर्षी, मुंबईत नाभिकांची सभा भरली होती. गिरणी कामगारांचे पुढारी, 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे त्यामागे होते. विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असं त्या मंडळींनी ठरवलं. ही चळवळ शिकल्यासवरल्यांच्या ठरावांत वाचली होती. तिची एक बाजू आमच्या मागच्या दारापर्यंत आली होती, हे माहीत नव्हतं. आमच्या न्हाव्यानं मुंबईचं काही ऐकलं असेल, किंवा नसेलही.

धार लागल्यावर मी वस्तरा घेऊन बाजारातल्या सलूनमध्ये गेलो. मालकानं हातावरचे चार केस उडवून पाहिले, मान डोलावली. "धार झकास आहे जी. पण आता वस्तरा नाही चालत. गिऱ्हाईकागणिक नवं ब्लेड लागते, रोगाराईचं काम आहे." मी त्याला सगळी हकिगत सांगितली. कात्री थांबवून तो म्हणाला, "नाव काय होतं जी त्याचं?"

तिथूनच आत्याला फोन लावला. तिनं बराच वेळ आठवून पाहिलं. "नाव? सगळे न्हावीच म्हणायचे रे."