एक्सएफसीई

एक्सएफसीई : लिनक्स, बीएसडी व इतर युनिक्सवर्गीय प्रणालींवर चालणारे मुक्तस्रोत डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट. संगणक सुरू झाल्यावर दिसणारी पट्टी, मेनू, आयकॉन, विंडोंच्या चौकटी, फाइल मॅनेजर आणि सेटिंग्ज या सगळ्यांचा हा संच आहे. मूळ प्रणाली वेगळी आणि तिचा दर्शनी भाग वेगळा, हे विंडोजवरून आलेल्या माणसाला आधी सांगावे लागते. एकाच लिनक्सवर नोम, केडीई प्लाझ्मा आणि एक्सएफसीई हे तीन वेगवेगळे डेस्कटॉप शेजारी शेजारी नांदू शकतात. जुन्या, कमी मेमरीच्या यंत्रांवर सुरळीत चालणारे म्हणून एक्सएफसीईची ख्याती आहे. पण त्याचा त्याहून मोठा गुण असा की ते वापरणाऱ्याच्या हाताची सवय मोडत नाही. आवृत्त्या बदलतात, मांडणी सहसा तीच राहते.

ऑलिव्हिये फूर्दाँ यांनी १९९६ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. त्या काळी सन, एचपी, आयबीएम यांच्या युनिक्स यंत्रांवर सीडीई नावाचा व्यापारी डेस्कटॉप असे. त्याच्या धर्तीवर लिनक्ससाठी काहीतरी करावे हा हेतू होता. सुरुवातीचे काम एक्सफॉर्म्स या लायब्ररीवर, म्हणजे विंडो-बटणे काढणाऱ्या तयार कोडवर, झाले. तिचा मूळ कोड तेव्हा खुला नव्हता, म्हणून रेड हॅट कंपनीने एक्सएफसीईला आपल्या लिनक्समध्ये जागा दिली नाही. फूर्दाँ यांनी १९९९ मध्ये सगळे जीटीके लायब्ररीवर नव्याने लिहायला घेतले आणि तिसरी आवृत्ती जीपीएल या मुक्त परवान्याखाली आली. २००३ मध्ये ४.० आली, आजचे एक्सएफसीई त्याच मालिकेतले. ४.१२ (२०१५) आणि ४.१४ (२०१९) यांच्यात चार वर्षांहून अधिक अंतर पडले. या संथपणावर टीका झाली, पण मोजक्या स्वयंसेवकांनी जीटीकेच्या दुसऱ्या पिढीवरून तिसऱ्या पिढीवर सगळा संच न मोडता नेला, ही साधी कामगिरी नव्हे. २०११ मध्ये नोमने आपले रूप पूर्ण पालटले तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीही काही काळ एक्सएफसीई वापरले होते.

रचना : नवख्याचा गोंधळ कमी व्हायचा असेल तर कोणता भाग कोणते काम करतो एवढे कळले पाहिजे. एक्सएफसीई हा एकसंध प्रोग्रॅम नाही. मेनू, घड्याळ आणि चालू विंडोंची यादी ज्या पट्टीवर दिसते ते पॅनेल. विंडोची चौकट, मथळा आणि ती हलवणे-मिटणे हे विंडो मॅनेजरचे काम. पार्श्वचित्र आणि आयकॉन डेस्कटॉप मॅनेजर सांभाळतो. लॉगिननंतर काय काय सुरू करायचे ते सेशन मॅनेजर ठरवतो. फाइलींसाठी थुनार आहे. बेनेडिक्ट मॉयरर यांनी लिहिलेला हा फाइल मॅनेजर २००७ च्या ४.४ आवृत्तीपासून संचात आला. यांतला एक भाग बंद पडला तरी बाकीचे सहसा चालू राहतात. म्हणजे पट्टी दिसेनाशी झाली तर बिघाड पॅनेलमध्ये शोधायचा. सगळी प्रणाली पुन्हा बसवायची गरज नसते.

सुरुवात : झुबंटू, एमएक्स लिनक्स, लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती या लिनक्स वितरणांत ते तयार मिळते. काली लिनक्सनेही २०१९ च्या अखेरीस नोम सोडून एक्सएफसीई हाच आपला मूळ डेस्कटॉप केला. आधीच दुसरा डेस्कटॉप असेल तर एक्सएफसीई पॅकेज मॅनेजरमधून, म्हणजे प्रोग्रॅम बसवण्याच्या साधनातून, शेजारी बसवता येते. मग लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड देण्याआधी सेशनच्या यादीतून ते निवडायचे. जुना डेस्कटॉप जागच्या जागी राहतो, फाइलींना धक्का लागत नाही.

पहिल्या दिवशी रंग, थीम, आयकॉन बदलत बसू नये. आधी डेस्कटॉपच्या मोकळ्या जागी राइट-क्लिक करावे. प्रोग्रॅमचा पूर्ण मेनू तिथेच उघडतो. माउसचे मधले बटण दाबले तर उघड्या विंडोंची यादी येते, आणि ही यादी फार उपयोगी आहे. नवख्याची ‘विंडो गायब झाली’ ही तक्रार बहुधा दोन कारणांनी असते. एक म्हणजे मथळ्याच्या पट्टीवर माउसचे चाक फिरले की विंडो गुंडाळून केवळ मथळा उरतो. चाक उलटे फिरवले की ती पुन्हा उलगडते. दुसरे, मोकळ्या डेस्कटॉपवर चाक फिरले की बहुतेक ठिकाणी आपण दुसऱ्या वर्कस्पेसवर, म्हणजे शेजारच्या रिकाम्या पडद्यावर जातो. विंडो असते, पण मागच्या पडद्यावर. मधल्या बटणाच्या यादीत ती सापडते.

दुसरी हमखास अडचण सेशनची. लॉगआउटच्या चौकटीत ‘हे सेशन पुढच्या वेळेसाठी जपा’ अशा अर्थाची एक खूण असते. ती चालू असली की त्या क्षणी उघडे असलेले सगळे पुढच्या लॉगिनला आपोआप उघडते. नेमके तेव्हा पॅनेल बंद पडलेले असेल तर पुढे रोज पॅनेलशिवायच डेस्कटॉप येतो. उपाय सोपा आहे. डेस्कटॉपवर राइट-क्लिक करून सेटिंग्जमधले ‘सेशन अँड स्टार्टअप’ उघडावे, जपलेली सेशन पुसावीत, लॉगआउटची ती खूण काढावी आणि पुन्हा लॉगिन करावे. सुरुवातीचे काही महिने ही खूण बंदच ठेवलेली बरी.

पॅनेलवर राइट-क्लिक करून त्याच्या पसंतीची चौकट उघडता येते. पट्टी हलवायची तर आधी तिचे कुलूप काढावे लागते. तिथूनच घड्याळ, आवाज, वर्कस्पेस बदलण्याची खूण अशा वस्तू घालता-काढता येतात. मोठे बदल करण्याआधी त्याच चौकटीतून मांडणीची प्रत जपून ठेवावी. ऑल्ट दाबून विंडोच्या आत कुठेही धरले की ती हलते. ऑल्टसह उजवे बटण धरून ओढले की लहान-मोठी होते. लहान पडद्याच्या लॅपटॉपवर मथळा पडद्याबाहेर गेला की ही युक्ती फार कामी येते. थुनारमध्ये अनेक फाइली निवडून एफ२ दाबले की सगळ्यांची नावे एकाच वेळी बदलता येतात. मोबाइलमधून उतरवलेल्या फोटोंना क्रमवार नावे द्यायला याहून सोपे साधन क्वचितच मिळेल. जुन्या ग्राफिक्स कार्डावर हालचाल अडखळत असेल तर ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मधले कंपॉझिटिंग बंद करून पाहावे. सावल्या आणि पारदर्शकता जातात, वेग पुष्कळदा सुधारतो.

मराठी टंकलेखन : इनस्क्रिप्ट या कळमांडणीची सवय असणाऱ्याला वेगळे काही बसवावे लागत नाही. सेटिंग्जमधील ‘कीबोर्ड’च्या लेआउट विभागात ‘सिस्टिमचे लेआउट वापरा’ ही खूण काढायची, भारताच्या यादीतून देवनागरी मांडणी जोडायची आणि दोन लेआउटमध्ये ये-जा करण्यासाठी कळांची जोडी निवडायची. त्याच यादीत मराठीसाठी ‘कगप’ ही उच्चाराधारित मांडणीही असते. रोमन अक्षरांत टंकून देवनागरी उमटवायची असेल तर मात्र आयबस आणि एम१७एन ही जोडपॅकेजे लागतात. नोममध्ये आयबस आतच गुंफलेले आहे. एक्सएफसीईमध्ये ते लॉगिनबरोबर सुरू व्हावे यासाठी अनेकदा आपणच ऑटोस्टार्टच्या यादीत घालावे लागते. हे कोणी सांगितलेले नसते, म्हणून पुष्कळजण ‘यात मराठी चालत नाही’ असे समजून परत फिरतात. मराठी उत्तम चालते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे प्राथमिक धडे मराठी आवाजातही ऐकायला मिळतात.

डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या ४.२० आवृत्तीत वेलँड या नव्या चित्रप्रदर्शन पद्धतीसाठी प्रायोगिक सोय आहे, परंतु एक्सएफसीईचा स्वतःचा विंडो मॅनेजर त्या आवृत्तीत वेलँडवर चालत नाही. त्यासाठी दुसऱ्याचा घ्यावा लागतो. लॉगिनच्या यादीत ४.२० ची दोन्ही सेशन दिसत असतील तर नवख्याने वेलँडचे सोडून एक्स११ या जुन्या पद्धतीचे नेहमीचे सेशनच निवडावे.