लंडनचं ऊन आणि रेवदंड्याचा बंड्या

ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी आधीच सांगतो, बोललो तसंच उतरवून काढलंय. फक्त मधला माझा खोकला आणि शेजारच्या कोंबड्याचं आरवणं तेवढं काढून टाकलंय.

आजची गोष्ट एका बल्बची आहे. म्हणजे इतिहास बल्बचा, पण ज्याची पाठ भाजली तो एक शॅमेलिऑन. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत याला सरडगुहिरा म्हटलंय, पण आमच्या घरात सगळे त्याला बंड्याच म्हणतात. बंड्या माझ्या मावसभावाचा. रेवदंड्याच्या वाडीत, नारळी-पोफळीच्या सावलीतल्या घरात, मागच्या पडवीत त्याचा जाळीचा पिंजरा.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. रात्री जरा गारवा पडला. गारवा म्हणजे आपला किनाऱ्यावरचा, सतरा-अठरा अंशांचा, ज्यात आपण स्वेटर काढतो आणि नाशिकचे लोक आपल्याला हसतात. भावाने परदेशी व्हिडिओ बघून ठरवलं, बंड्याला थंडी वाजतेय. जवळच्या पोल्ट्रीवाल्याकडून पिल्लांना ऊब देतात तो मोठा लाल बल्ब आणला आणि थेट पिंजऱ्याच्या आत टांगला. बंड्या खूश! सगळ्यात वरच्या फांदीवर जाऊन, पाठ बल्बला जवळजवळ टेकवून बसायला लागला. भाऊ मला फोटो पाठवतोय, 'बघ दादा, किती आवडलंय त्याला.'

चौथ्या दिवशी पाठीच्या कण्यावरचा हिरवा रंग फिका पडला. सहाव्या दिवशी तिथे तपकिरी-काळा डाग होता आणि कडेने फोड आले होते.

मला तेव्हा एकच प्रश्न पडला. भाजत होतं तर तो उठून गेला का नाही? आपला हात तव्याला लागला की झटकन मागे येतो. याचा का नाही आला? उत्तर शोधताना मी जो इतिहासात घुसलो, तो आधी पोचलो लंडनला.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली फक्त सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी वेगळं घर उघडलं, जगातलं पहिलं. कल्पना करा, उष्ण देशांतले साप, सरडे, मगरी आणि बाहेर लंडनचा हिवाळा. ऊब द्यायची तर सगळं घर तापवायचं. मग सगळ्यांना सारखीच ऊब. वाळवंटातल्यालाही तेवढीच आणि दमट जंगलातल्यालाही तेवढीच.

हे बदललं एका बाईने. जोन प्रॉक्टर, जन्म १८९७. शाळेत असताना मगरीचं पिल्लू पाळणारी मुलगी. आजारपणामुळे कॉलेजला जाता आलं नाही, पण १९२३ मध्ये लंडन झूच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाची प्रमुख झाली. तिने आराखडा दिलेलं नवीन घर १९२७ मध्ये उघडलं. त्यात विजेची ऊब होती, पण प्रत्येक ठिकाणी वेगवेगळी. इथे गरम, तिथे कमी गरम. कुठे बसायचं ते प्राण्याने ठरवायचं. शिवाय साधी काच उन्हातले अतिनील किरण अडवते, म्हणून ते किरण आत सोडणारी खास काच तिने वापरली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी तिला कळलं होतं की ऊन म्हणजे नुसती उष्णता नाही. १९३१ मध्ये ती गेली, जेमतेम चौतिशीत. कोमोडो ड्रॅगनला सोबत घेऊन झूमध्ये फिरायची म्हणे. मला ही बाई फार आवडते, पण आपण बल्बाकडे येऊ.

त्याच १९२७ साली आपल्या रायगडात काय चाललं होतं? तेव्हाचा कुलाबा जिल्हा. भिऱ्याला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. मुळशीचं पाणी घाटावरून खाली आणून वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची. त्याच मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापट लढले होते. म्हणजे तिकडे लंडनला सरड्यासाठी विजेची ऊब, आणि इकडे सह्याद्रीच्या पायथ्याशी वीज तयार होतेय, पण जातेय मुंबईला.

आणि अलिबागची गंमत तर याहून भारी. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा होती. शहरात विजेच्या ट्राम येणार हे ठरलं आणि त्या विजेने नोंदी बिघडणार म्हणून ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. आजही ती वेधशाळा तिथे आहे. अलिबागची निवड झाली ती इथे वीज नव्हती म्हणून!

आता पुढची उडी अमेरिकेत, १९४४. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात रेमंड कौल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोघांनी सरडे आणि साप तपासले. तोवर सगळे म्हणायचे, हे थंड रक्ताचे प्राणी, बाहेर जेवढं तापमान तेवढंच यांचं. या दोघांनी दाखवलं की तसं नाही. सरडा उन्हात जातो, सावलीत येतो, अंग वळवतो, आणि स्वतःचं तापमान बऱ्यापैकी एका पातळीवर ठेवतो. पण सावली मिळाली नाही तर तो मरतो, आणि त्याला आवडणारं तापमान आणि त्याला मारणारं तापमान यांत फार थोड्या अंशांचं अंतर असतं.

तर बंड्या का हलला नाही, याचं उत्तर इथून सुरू होतं. शॅमेलिऑन ऊब शोधतो ती आतलं शरीर तापेपर्यंत. सूर्य लांब असतो, सगळ्या अंगावर सारखा पडतो. सूर्याची जी किरणं कातडीच्या वरच्याच थराला तापवतात, त्यांतली बरीचशी हवेतली वाफ अडवते, आणि जी पोचतात ती थोडी आतपर्यंत ऊब नेतात. बल्बचं उलटं. जवळून, एकाच जागी आणि बहुतेक वरवर. पोट अजून गारच, म्हणून तो बसून राहतो. तोवर पाठीवरच्या दोन-चार सेंटिमीटर कातडीचं काय व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. अंतराचं गणितही वाईट आहे. बल्बपासूनचं अंतर निम्मं केलं की उष्णता दुप्पट नाही, जवळजवळ चौपट होते. आणि शॅमेलिऑनचा सगळ्यात उंच भाग म्हणजे डोक्यावरचा तुरा आणि पाठीचा कणा. भाजतं ते नेमकं तिथेच.

आणि तो पोल्ट्रीचा बल्ब? तो एक दिवसाच्या पिल्लांसाठी आहे. पहिल्या आठवड्यात त्यांना साधारण ३५ अंश लागतात, मग दर आठवड्याला कमी करत न्यायचं. पेण-अलिबागकडे ज्यांच्या घरी पोल्ट्री आहे त्यांना ब्रूडर काय ते सांगायला नको. पण एक बघा, पोल्ट्रीवाला तो बल्ब पिल्लांच्या वर उंच टांगतो, पिल्लं एका कोपऱ्यात दाटली की खाली घेतो, लांब पळाली की वर घेतो. पिल्लं जमिनीवरच असतात, बल्बवर चढत नाहीत. शॅमेलिऑन मात्र चढतो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात ना, इथे कुंपणालाच बल्ब लटकत होता.

मला खरा राग येतो तो नकलेचा. बंड्याच्या जातीचं मूळ गाव येमेनचे डोंगर, आपल्या समोरच्याच अरबी समुद्रापलीकडे. चौल बंदरातून अरबस्तानाशी हजारेक वर्षांपूर्वी व्यापार चालायचा, अल-मसुदी नावाचा अरब प्रवासी दहाव्या शतकात तिथे येऊन गेला. म्हणजे बंड्याचं माहेर काही आपल्याला परकं नाही. त्या डोंगरांत रात्री गारवा असतो आणि शॅमेलिऑनला तो चालतो, नव्हे हवाच असतो. तरी आपण ऐकतो लंडन आणि टोरांटोच्या पोरांचं, ज्यांच्या खिडकीबाहेर बर्फ आहे. किनाऱ्यावर वर्षातले बहुतेक महिने दिवसा २८ ते ३३ अंश असतातच. म्हणून आमच्या घरी आता नियम असा: खोलीत २७-२८ अंश असतील तर बल्ब लावायचाच नाही. रात्री तर कधीच नाही. लाल बल्ब दिसत नाही म्हणतात, तेही खोटं, त्यांना तो उजेड दिसतो आणि झोप बिघडते.

पावसाळ्यातले ढगाळ दिवस किंवा डिसेंबरची सकाळ, तेवढ्यापुरता बल्ब लागतो. तो पिंजऱ्याबाहेर, जाळीच्या वर. वरच्या फांदीवर बसलेल्या प्राण्याच्या पाठीपासून निदान वीतभर, बरं तर हातभर लांब. जाळीला उलटं लटकून तो पोचेल का, हे आपल्या हाताने मोजून बघायचं. मग थर्मामीटर ठेवायचा तो पिंजऱ्याच्या भिंतीला नाही, पाठ जिथे येते तिथे. या जातीला तिथे २९ ते ३२ पुरे. आपला हात त्या जागी दोन-तीन मिनिटं ठेवा, नको वाटलं तर त्यालाही नकोच. आणि पिंजऱ्याचा खालचा अर्धा भाग गार, पानांनी भरलेला. प्रॉक्टरबाईंचाच नियम.

थर्मामीटर कुठे ठेवला याने केवढा फरक पडतो म्हणाल, तर आपलं भिराच घ्या. मार्च २०१७ मध्ये तिथे ४६.५ अंश नोंदले गेले आणि आकडा इतका मोठा होता की लोक उपकरणाबद्दलच बोलायला लागले.

आता भाजलंच तर. आमच्याकडे काय झालं ते सांगतो, म्हणजे काय करू नये ते कळेल. मावशीने मायेने हळद आणि खोबरेल तेल लावलं. भावाने वर टूथपेस्टचा विचार केला होता, तेवढं मी फोनवर थांबवलं. तेल उष्णता धरून ठेवतं, हळदीखाली जखम दिसत नाही आणि डॉक्टरांना ते सगळं आधी धुवावं लागतं, म्हणजे त्या जिवाला पुन्हा दुखणं.

भाजल्याचं त्याच वेळी कळलं तर बल्ब बंद करून त्या जागी साध्या तापमानाचं स्वच्छ पाणी दहा मिनिटं हळू सोडायचं किंवा ओलं गॉझ ठेवायचं. बर्फ नाही. दिवस उलटून गेले असतील तर पाण्याचा उपयोग नाही, सरळ डॉक्टर. फोड फोडायचे नाहीत, खपली ओढायची नाही. घरातल्या डबीतली दुखण्याची गोळी द्यायची नाही, आणि बधिर करणारं औषध मिसळलेलं मलमही नाही. लहान प्राण्याला ते विषासारखं होऊ शकतं. डाग छोटा दिसला तरी थांबू नका. भाजल्याची खरी खोली चार-सहा दिवसांनी दिसते, आणि आपल्या दमट हवेत जखम चिघळायला वेळ लागत नाही.

आमच्या इथल्या दवाखान्यात गाई-म्हशी, कुत्री बघतात. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, याचं आम्हाला जमणार नाही. मग हवेची भोकं असलेल्या डब्यात फांदी घट्ट बसवून बंड्या पेण-पनवेल करत मुंबईला. डॉक्टरांनी जखम सलाईनने धुतली, सिल्व्हर सल्फाडायझिन मलम दिलं, वजन करून दुखण्याचं औषध ठरवलं आणि पाणी कमी झालं होतं म्हणून तेही दिलं. घरी आल्यावर पिंजऱ्यातली माती काढून खाली कागद, तो रोज बदलायचा. पाण्याचे थेंब पानांवर, जखमेवर नाही. खाल्ले नाहीत ते किडे संध्याकाळी बाहेर, कारण नाकतोडे उघडी जखम कुरतडतात. हे मला माहीतच नव्हतं. ऊब पूर्ण बंदही करायची नाही, कारण अंग गार राहिलं तर जखम भरत नाही. ती ठरलेल्या अंतरावरूनच.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं, नोंदणी केलीय का? परदेशी शॅमेलिऑन आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत येतात, आणि २०२४ च्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्याला परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. आपला देशी सरडगुहिरा तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो घरी आणायचाच नाही. वाडीत सापडला तरी नाही. भावाने नोंदणी केली होती, नशीब. मी मात्र त्याला विचारलंच, इतकं सगळं वाचलंस, मग बल्बबद्दल का नाही वाचलंस? तो म्हणाला, 'दादा, वाचलं ना. ते सगळं थंडीतल्या लोकांनी लिहिलेलं.'

खपली पडायला तीन महिने लागले. दर वेळी कात टाकताना त्या जागची अडकायची. आज पाठीवर बोटाच्या पेराएवढी काळी-राखाडी जागा आहे, तिथे रंग बदलत नाही. बाकी बंड्या मजेत. हिवाळ्यात सकाळी साडेआठला भाऊ जाळीचा पिंजरा अंगणात ठेवतो, अर्ध्यावर सुपारीची झावळी टाकतो आणि स्वतः शेजारी चहा घेऊन बसतो. काचेची पेटी उन्हात ठेवायची नाही, ती भट्टी होते. बंड्या उन्हात येतो, एक बाजू काळपट करून ऊब पितो आणि वीस-पंचवीस मिनिटांनी आपणहून झावळीखाली सरकतो. बल्बखाली तो कधी सरकला नव्हता.

तो लाल बल्ब पोल्ट्रीवाल्याला परत दिला. त्याने पैसे परत दिले नाहीत, अंडी दिली.