केबिन नौकेच्या अंतर्भागाची पुनर्बांधणी

जुन्या, लहान केबिन नौकेतील छताचे अस्तर, कपाटे, बाके व आडभिंती पूर्ववत करण्याचे काम. ब्रिटनमधील ‘वेस्टर्ली सेंटॉर’ हे याचे बोलके उदाहरण होय. लॉरेंट जाइल्स यांच्या संस्थेने आराखडा केलेल्या या 26 फुटी फायबरग्लास नौका 1969 ते 1980 या काळात दोन हजारांहून अधिक बांधल्या गेल्या. त्यांच्या छताला फोमचा थर असलेले व्हिनाइल थेट चिकटवलेले असे. कालांतराने फोमचा भुगा होतो आणि अस्तर लोंबू लागते. तेच कापड नव्या गोंदाने पुन्हा चिकटवणे स्वस्त पडते खरे, पण गोंद फायबरग्लासला न धरता भुग्याला धरतो आणि काम वाया जाते. जुना थर ब्रशने पूर्ण खरवडून काढणे हे कंटाळवाणे काम टाळता येत नाही.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा क्रमाचा आहे. डेकवरील बोल्ट व खिडक्यांच्या कडांतून झिरपणारे पाणी अस्तरामागे दडते आणि प्लायवूडच्या आडभिंती खालून कुजवते. डोलकाठीचा भार त्यांवर येत असल्याने ही हानी केवळ दिसण्यापुरती नसते. म्हणून आधी गळती, मग लाकूड, शेवटी अस्तर. नवे अस्तर पातळ प्लायवूडवर ताणून ते स्क्रूने बसवावे. यात डोक्यावरची उंची घटते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ही घट काही मिलिमीटरचीच असते आणि त्या बदल्यात प्रत्येक बोल्टपर्यंत पुन्हा हात पोहोचतो. अस्तर कायमचे चिकटवण्यापेक्षा हीच पद्धत श्रेयस्कर ठरते.