नवीन गाडीला पेंट प्रोटेक्शन घ्यावं का? टेफ्लॉन, सिरॅमिक आणि पीपीएफचा खरा हिशोब



गाडीचं बुकिंग झालं, कर्ज मंजूर झालं, पाडव्याचा मुहूर्त ठरला. आणि डिलिव्हरीच्या तीन दिवस आधी शोरूममधून फोन येतो, "सर, पेंट प्रोटेक्शन टाकून देऊ ना? सगळेच घेतात."

गेल्या वर्षी हा फोन मला आला. बिलात एक ओळ वाढली होती : पेंट प्रोटेक्शन पॅकेज, २४,००० रुपये. "कर्जातच धरू सर, हप्त्यात कळणारपण नाही," असंही वर ऐकवलं. मी घरी येऊन गणित मांडलं. ९ टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी २४,००० म्हणजे महिन्याला जवळपास ४९८ रुपये. पाच वर्षांत हे पॅकेज २९,९०० रुपयांना पडतं. आणि कोटिंगची वॉरंटी होती ३ वर्षांची! म्हणजे कोटिंग संपल्यावरही दोन वर्षं मी त्याचे हप्ते भरणार.

मी "दोन दिवसांनी सांगतो" म्हणालो आणि वाचायला बसलो. त्या दोन दिवसांत जे समजलं, आणि पुढच्या सहा महिन्यांत जे महागात पडून समजलं, ते या लेखात सांगतो.

आधी समजून घेऊ : गाडीवर रंग असतो तरी किती?

कारखान्यात गाडीच्या सांगाड्यावर साधारणपणे चार थर चढतात.

१. ई-कोट : सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने चढवलेला थर. गंज रोखण्याचं मुख्य काम याचं.
२. प्रायमर : पृष्ठभाग सारखा करतो आणि वरच्या रंगाला पकड देतो.
३. बेस कोट : आपल्याला दिसतो तो रंग.
४. क्लिअर कोट : सर्वांत वरचा पारदर्शक थर. चकाकी याची, आणि ऊन, पाऊस, ओरखडे झेलायचं कामही याचंच.

हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. एक मिलिमीटर म्हणजे १,००० मायक्रॉन, यावरून अंदाज घ्या. त्यातला क्लिअर कोट अंदाजे ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. गाडीला "रबिंग-पॉलिश" करतात तेव्हा हाच थर थोडा थोडा घासला जातो. तो परत वाढत नाही. म्हणून पेंट प्रोटेक्शनचा प्रश्न खरं तर एवढाच आहे, की हा पातळ थर जास्तीत जास्त वर्षं कसा टिकवायचा?

शोरूममध्ये मला सांगितलं, "नवीन गाडीचा पेंट कच्चा असतो सर, सील करावा लागतो." हे चूक आहे. कारखान्यातला रंग भट्टीत भाजून पक्का झालेला असतो. डिलिव्हरीच्या दिवशी गाडी जशी येते, तशी ती रस्त्यावर चालवायला तयार असते.

बाजारात काय काय मिळतं?

(खालचे भाव मला सोलापुरात एका कॉम्पॅक्ट एसयूव्हीसाठी मिळालेले आहेत. तुमच्या शहरात आणि गाडीनुसार फरक पडेल.)

वॅक्स : सर्वांत जुना प्रकार. चकाकी छान येते, पाणी घरंगळतं. आपल्या उन्हात एक-दोन महिने टिकतं. डबी आणून घरीही लावता येतं.

टेफ्लॉन कोटिंग (६,००० रुपये) : नावावर जाऊ नका. तव्यावरचं टेफ्लॉन ३०० अंशांहून जास्त तापमानाला भाजून बसवलेलं असतं. गाडीवर कापडाने चोळलेल्या पेस्टला ती भट्टी कुठून मिळणार? प्रत्यक्षात हे एक प्रकारचं सीलंट-पॉलिश आहे. चार-सहा महिने चमक राहते, मग उतरते. वाईट नाही, पण सहा हजारांचंही नाही.

सिरॅमिक कोटिंग (शोरूममध्ये २४,०००, बाहेर १६ ते १८ हजार) : हे रसायन खरंच वेगळं आहे. सिलिका गटातलं द्रव क्लिअर कोटवर लावतात. ते हवेतल्या ओलाव्याशी प्रक्रिया होऊन घट्ट होतं आणि रंगाला धरून बसतं. धूळ कमी चिकटते, गाडी पटकन धुऊन होते, पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक यांच्यापासून थोडा जास्त वेळ मिळतो. पण या थराची जाडी असते साधारण एखाद-दोन मायक्रॉन. उडालेला खडा किंवा शेजारच्या स्कूटरचं हँडल हा थर अडवू शकत नाही. "ग्राफीन" नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक कोटिंगचा पायाही सिरॅमिकचाच असतो.

पीपीएफ (पूर्ण गाडी ८५,००० ते १,४०,०००) : पेंट प्रोटेक्शन फिल्म. मी घरी हा शब्द उच्चारला तेव्हा बाबा म्हणाले, "पीपीएफ? चांगलंय की. पोस्टात काढ." तर हे पोस्टातलं नव्हे! ही टीपीयू, म्हणजे एका जातीच्या पॉलियुरेथेनची, १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक फिल्म असते. म्हणजे तुमच्या सगळ्या रंगाच्या थरांपेक्षाही जाड. खड्यांचा मार खरोखर झेलणारा हा एकच प्रकार. बारीक ओरखडे ऊन किंवा गरम पाणी लागलं की आपोआप भरून येतात. मात्र स्वस्तात पीव्हीसीची फिल्म "पीपीएफ" म्हणून लावून देतात, ती लवकर पिवळी पडते. लिहून घ्या : टीपीयू आहे का, आणि पिवळेपणावर वॉरंटी किती वर्षांची.

"९एच हार्डनेस" म्हणजे काय?

सगळ्यात जास्त फसवणारा शब्द हा. विक्रेता सांगतो, "हिरा १०, आपलं कोटिंग ९." हिऱ्याचे १० हे खनिजांच्या कठीणपणाच्या मोहस मापावरचे. ९एच हे पेन्सिलीचं माप आहे! चाचणीत वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली पृष्ठभागावर ओढतात. ९एच ही त्यातली सर्वांत कडक पेन्सिल. तिने ओरखडा उठला नाही तर कोटिंग "९एच" ठरतं. आता रस्त्यावरच्या धुळीत काय असतं? वाळू, म्हणजे क्वार्ट्झ. मोहस मापावर तिचा कठीणपणा ७, पेन्सिलीच्या शिशापेक्षा कितीतरी जास्त. थोडक्यात, ९एच कोटिंगवरून धुळीचं कोरडं फडकं फिरवलं तर ओरखडे येणारच.

मग मी काय केलं, आणि कुठे चुकलो

पॅकेज काढून टाकायला सांगितलं. थोडी कुरकुर झाली, "वॉरंटीला प्रॉब्लेम येईल" असंही ऐकवलं. मी म्हणालो, मॅन्युअलमध्ये कुठे लिहिलंय ते दाखवा. तसं काही नव्हतं. पाडव्याला गाडी घरी आली.

पैसे वाचवले या आनंदात मी एक गोष्ट विसरलो. ती म्हणजे आमचे बाबा.

बाबा एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या पुसल्या, घरची पहिली गाडी ही. रोज सकाळी साडेसहाला ते फडकं घेऊन खाली जायचे आणि बॉनेटपासून डिकीपर्यंत गाडी लख्ख करायचे. सोसायटीत कौतुक व्हायचं. मलाही बरं वाटायचं.

सहा महिन्यांनी एका संध्याकाळी पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उभा होतो. गडद निळ्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल बारीक रेषा दिसल्या. हजारो. ओळखीच्या डिटेलिंगवाल्याकडे नेली. त्याने टॉर्च धरला आणि विचारलं, "कोरड्या फडक्याने पुसता का रोज?"

यांना स्वर्ल मार्क्स म्हणतात. रात्रभर बसलेली धूळ कोरड्या कापडाखाली सँडपेपरचं काम करते. टपावर कडुनिंबाखालच्या बाजूला दोन पुसट डागही होते, पक्ष्यांच्या विष्ठेचे. विष्ठेतलं आम्ल आणि सोलापूरचं ऊन एकत्र आले की क्लिअर कोटवर कायमचा ठसा उमटतो. एका पॉलिशचे ३,५०० रुपये गेले, आणि क्लिअर कोटचा थोडा भागही.

खरी अडचण पैशांची नव्हती. बाबांना सांगायचं कसं? दोन दिवस टाळलं. शेवटी टॉर्च घेऊन त्यांनाच खाली नेलं आणि डिकीवरच्या, पॉलिश न केलेल्या भागावरच्या रेषा दाखवल्या. बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "बस आम्ही आधी पाण्याने धुवायचो. इथं पाणी वाया जातं म्हणून कोरडीच पुसत होतो." चूक त्यांची नव्हतीच. मी दोन दिवस कोटिंगबद्दल वाचलं, पण गाडी पुसणाऱ्या माणसाला एक शब्द सांगितला नाही.

आता बाबा आठवड्यातून एकदा धुतात, रोज पुसत नाहीत. सकाळी फक्त टपावर विष्ठा आहे का बघतात.

कोटिंग घ्या किंवा नका घेऊ, हे मात्र करा

- कोरडी गाडी पुसू नका. आधी पाण्याने धूळ वाहू द्या.
- दोन बादल्या ठेवा. एकात कार शाम्पू, दुसऱ्यात साधं पाणी. कापड दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवा.
- भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर नको. वॅक्स धुऊन जातं.
- जुनी बनियन नको, मायक्रोफायबर वापरा. ते खाली पडलं तर न धुता परत गाडीला लावू नका.
- सावलीत धुवा आणि लगेच टिपून घ्या. बोअरचं पाणी जड असेल तर वाळलेल्या थेंबांचे पांढरे डाग राहतात. सिरॅमिक असलं तरी राहतात.
- पक्ष्यांची विष्ठा दिसली की त्याच दिवशी ओलं कापड पाच मिनिटं ठेवून उचला, घासू नका.
- धुळीच्या गाडीवर कव्हर घालू नका. वाऱ्याने कव्हर हलतं आणि तेच घासतं.

ओरखडा आला तर विमा आहेच ना?

आहे, पण हिशोब करा. समजा एका दरवाज्याचा रंग ४,५०० रुपयांना पडतो. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीने स्वतः भरावे लागतात. उरले ३,५००. झिरो डेप नसेल तर रंगाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा कापतात, आणि एकत्रित बिलात साहित्य २५ टक्के धरतात. म्हणजे आणखी सुमारे ५६० गेले. शिवाय नो क्लेम बोनस जातो. तो पहिल्या वर्षी २० टक्के असतो आणि वाढत ५० टक्क्यांपर्यंत पोचतो. त्यामुळे एका ओरखड्यासाठी क्लेम बहुतेक वेळा परवडत नाही.

हेच गणित पीपीएफलाही लावा. एक लाखात अशा दराने वीस-बावीस भाग रंगवून होतात, म्हणजे अख्खी गाडी जवळपास दोनदा. अर्थात बाहेरचा रंग कारखान्यातल्या रंगासारखा होत नाही, आणि जुनी गाडी घेणारे रंगाची जाडी मोजून बघतात, हेही खरं.

तर मग घ्यावं की नाही?

पूर्ण पीपीएफ : गाडी महाग असेल, हायवेवर रोजचा प्रवास असेल आणि एक लाख हा आकडा तुम्हाला त्रास देत नसेल, तरच.

थोडं पीपीएफ : माझ्या मते सगळ्यात फायद्याचं. दरवाज्यांच्या कडा, हँडलमागचा खोलगट भाग, डिकीसमोर सामान टेकवतो ती जागा. मला ४,५०० लागले. फिल्म मशीनवर आधी कापलेली घ्या, गाडीवर ठेवून ब्लेडने कापू देऊ नका.

सिरॅमिक : गाडी उघड्यावर उभी असते, रंग गडद आहे आणि धुवायची पद्धत बरोबर ठेवणार असाल तर घ्या. शोरूमऐवजी डिटेलिंगवाल्याकडे घ्या, रोख द्या, कर्जात घालू नका. वर्षाला किती सर्व्हिसिंग सक्तीची आणि तिचे पैसे किती, हे आधी विचारा. ती चुकली तर वॉरंटी गेली.

टेफ्लॉन : नको. त्या पैशात चांगलं वॅक्स, शाम्पू आणि मायक्रोफायबर येतं, वर पैसे उरतात.

कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर : खाऱ्या हवेचा गंज बहुधा गाडीच्या खालून आणि रंग उडालेल्या जागेतून सुरू होतो. वरच्या कोटिंगने तो थांबत नाही. खालचा भाग गोड्या पाण्याने वरचेवर धुवा, आणि खड्याने रंग उडाला तर टच-अप लगेच करा.

आणि शोरूमचा फोन आला तर एकच वाक्य पुरतं : "बिलातून काढा, लागलं तर नंतर बघू." कोटिंग पुढच्या महिन्यातही लावता येतं. मुहूर्त फक्त डिलिव्हरीचा असतो.