पाठीवरचे मीठ

पेडणे तालुक्यात शापोरा नदी समुद्राला मिळण्याआधी पसरट होते. तिथल्या खाजणाच्या काठी आगरवाडा आहे, माझ्या आईचे माहेर. आगर म्हणजे मिठागर. गावाचे नावच धंद्यावरून पडलेले, पण लहानपणी ते कधी फोडून पाहावे असे वाटले नाही. सुटीत आजोळी गेले की बांधावरून पाय घसरू नये एवढेच भान असायचे. पुढे डिचोलीत सासर मिळाले, तिथल्या शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला, तरी मुलांना जो इतिहास सांगत होते तो बहुतेक समुद्राकडून आलेला होता. 1510 साली अफोन्सो द अल्बुकर्कने तिसवाडी घेतली, 1543 पर्यंत बारदेश आणि साष्टी गेली, चर्च उभी राहिली. त्यात आगरवाड्याचे मीठ कुठेच नव्हते.

मीठ होते ते आजीच्या बोलण्यात. तिचे वडील उन्हाळ्यात डोक्यावर चुंबळ ठेवून मीठ आणि सुके बांगडे घेऊन दोडामार्ग, भेडशीच्या बाजूला चालत जायचे. परत येताना नाचणी, मिरची, गूळ. पैशांचा व्यवहार थोडा, मापाला माप असा जास्त. कमरेला भाकरी, वाटेत ओहोळाचे पाणी, रात्री एखाद्या देवळाच्या सोप्यावर अंग टाकायचे. आजी म्हणायची, "बाबा जाताना कधी पैसे नेत नसत. मीठ म्हणजेच पैसे."

हे वाक्य मनात राहिले. निवृत्त झाले त्या वर्षी, फेब्रुवारीत, भाच्याला घेऊन मी आगरवाड्याहून घाटावर कणकुंबीपर्यंत गेले. जिथे चालता येईल तिथे चालत, नाही तिथे कदंबाच्या बसने. दोघांच्या पाठीवर एकेक पिशवी आणि माझ्या पिशवीत दोन किलो आगरवाड्याचे मीठ. तीन दिवसांत दोघांचे मिळून अकराशे चाळीस रुपये खर्च झाले. भाच्याला त्याचे अप्रूप वाटले. मला वाटले नाही, कारण ही वाट अशाच प्रवाशांसाठी घडत गेली होती.

आधी मीठ कसे होते ते सांगायला हवे, कारण वाटेचे वेळापत्रक त्यावरच ठरायचे. पावसाळ्यात मिठागर पाण्याखाली असते. पाऊस सरला की पाणी काढायचे, कोंडींचा, म्हणजे मिठाच्या वाफ्यांचा, चिखल पायांनी तुडवायचा आणि लाकडी फळ्यांनी चोपून तळ असा गुळगुळीत करायचा की पाणी जिरू नये. मग भरतीचे पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घ्यायचे आणि एका कोंडीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत फिरवायचे. प्रत्येक ठिकाणी ऊन त्याला थोडे दाट करते. जानेवारीच्या सुमारास तळाशी खडे धरू लागतात. ते फळीने ओढून बांधावर ढीग करायचे. हे मेअखेरपर्यंत चालते, मग मिरगाचा पाऊस. म्हणजे घाटावर जाणाऱ्याच्या हातात चार-पाच महिने. त्या काळात वर पोहोचले नाही तर ओढे भरतात, घाट बंद होतो आणि मीठ वाटेतच पाणी होऊन जाते.

माणसाच्या डोक्यावरून जाणारे मीठ थोडे. खरा व्यापार लमाणांच्या बैलांवरून चालायचा. उत्तर गोव्यातून वर जायला रामघाट, चोर्ल्याचा घाट, सत्तरीतला केळघाट अशा वाटा होत्या, आणि त्यांपैकी कुठल्याही वाटेने भरलेली गाडी नेणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून बैलाच्या पाठीवर दोन बाजूंना लोंबणाऱ्या गोणी. तांडा संथ चालायचा, बैल वाटेतच चरायचे, मुक्काम उघड्यावर, राखणीला कुत्री, बायकापोरे बरोबर. चारा विकत नाही, खोली भाड्याची नाही, हमाल नाही. सह्याद्री ओलांडण्याची याहून स्वस्त रीत त्या काळात दुसरी नव्हती, आणि म्हणूनच मिठासारखी हलक्या किमतीची जड वस्तू शेकडो मैल आत जाऊ शकली. वरून तांदूळ, तंबाखू, मिरची, कडधान्य खाली यायचे. आमच्या जेवणाची चव या बैलांच्या पाठीने ठरवली आहे, असे मी वर्गात सांगायला हवे होते.

आणि आमचे तालुके तोंड करून बसले होते तेही घाटाकडेच. डिचोली आणि सत्तरी पोर्तुगिजांच्या हाती गेली 1781-82 मध्ये, पेडणे 1788 मध्ये. कोल्हापूरकरांशी झगडताना सावंतवाडीच्या खेम सावंतांना पोर्तुगिजांची मदत हवी होती, पेडणे त्यात गेले. तिसवाडीनंतर तब्बल पावणेतीनशे वर्षांनी. तोपर्यंत इथली सोयरीक, बाजार, न्यायनिवाडा सगळे सावंतवाडीशी आणि घाटमाथ्याशी बांधलेले. शेजारी जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधीच घेतलेल्या तालुक्यांत, देवळे मोडली जात होती तेव्हा माणसांनी देवसुद्धा असेच उचलून आणले. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला आला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ पुन्हा उभारले. नार्व्याला गेले की मला नेहमी तो पहिला प्रवास दिसतो. जवळ काही नसताना जे सर्वांत जड आणि सर्वांत मोलाचे ते घेऊन निघालेली माणसे.

आम्ही पहिली रात्र एका देवळाच्या अग्रशाळेत काढली. रात्री पेज, भाजलेला सुका बांगडा देवळाबाहेर ओट्यावर बसून, आणि आंब्याची तोर. दुसऱ्या दिवशी साखळी. वाळवंटी नदीकाठी विठ्ठलापूरचे विठ्ठलमंदिर, राणे घराण्याच्या आश्रयाचे. घाटावरचा देव नदीकाठी येऊन राहिला, यातच त्या वाटेवरची ये-जा कळते.

डिचोलीपासून जुनी पायवाट जिथून असावी असे वाटते तिथे आता खाणी आहेत. शिरगाव, मुळगाव, लामगाव या पट्ट्यात डोंगर उलटे झाले, टेकडीच्या जागी खड्डा आणि त्यात हिरवट पाणी. 2012 पासून खाणी कधी बंद, कधी सुरू असा खेळ चालला आहे, पण गेलेली वाट परत येत नाही. या गोष्टीचे मला खरोखर दुःख आहे. देऊळ मोडले तर निदान दगड उरतात. वाट मोडली की लोक तिचे नावसुद्धा विसरतात.

या वाटेवरचा मिठाचा मोठा व्यापार मात्र खाणींच्या आधीच संपला होता. 26 डिसेंबर 1878 रोजी ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. तो 1880 पासून 12 वर्षे चालला. हिंदुस्थानात ब्रिटिशांचा मिठावर जबर कर होता आणि गोव्याचे स्वस्त मीठ घाट चढून वर जाणे त्यांना सलत होते. करारानुसार गोव्यातल्या मिठाचा ताबा त्यांनी घेतला आणि बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला 4 लाख रुपये देऊ केले. कुठे, किती मीठ काढायचे ते आता परका अधिकारी ठरवणार. मिठागरवाल्याच्या ओंजळीत काय पडले कोण जाणे. दांडीच्या पन्नास वर्षे आधी आमच्या खाजणात मिठावर पहारा बसला होता, आणि त्याविषयी आम्ही शाळेत एक वाक्यही शिकलो नाही.

त्यातच 1888 मध्ये मुरगाव ते कॅसलरॉक रेल्वे धावू लागली, पार दक्षिणेकडून. माल तिकडे वळला. रामघाटातून ब्रिटिशांनी वेंगुर्ला-बेळगाव रस्ता नेला होता, पण चढण फार. पुढे आंबोलीचा सोपा रस्ता झाला आणि रामघाटही ओस पडत गेला. 1892 मध्ये करार संपला तोवर तांड्यांचे बैल दुसरीकडे गेले होते. माझ्या पणजोबांसारखे डोक्यावर नेणारे तेवढे उरले.

मग सीमेवरच्या वाटा वेगळ्याच लोकांनी चालल्या. 15 ऑगस्ट 1955 ला पेडण्याच्या पत्रादेवीवर गोवामुक्तीसाठी निःशस्त्र सत्याग्रही चालत आत शिरले, गोळीबार झाला आणि पंजाबातून आलेले कर्नैलसिंग बेनिपाल तिथे पडले. भारताने आर्थिक नाकेबंदी केली होती. गोव्यात बटाटे हॉलंडहून येऊ लागले, तर हाकेच्या अंतरावरचे बेळगाव परदेश झाले. आईला त्या दिवसांतला नाका आठवायचा. माहेरवाशिणीच्या बोचक्यात काय आहे ते उलटून पाहायचे.

केरीहून चोर्ल्याचा घाट आम्ही बहुतेक डांबरी रस्त्यानेच चढलो. आजूबाजूला म्हादईचे अभयारण्य, आत शिरणे योग्य नव्हे. एका वळणावर गुरे राखणाऱ्या म्हाताऱ्याने जुन्या वाटेचा तुकडा दाखवला. मधोमध खोलगट, दोन्ही कडांना झाडांची मुळे उघडी पडलेली. मी त्या खोलगटीत उभी राहिले. गुडघ्याच्या वरपर्यंत जमीन आली. एवढी माती कुणी फावड्याने काढली नव्हती. खुरांनी आणि पावलांनी झिजून गेली होती.

तेव्हा हरमल आठवले. आमच्या पेडण्याच्या त्या किनाऱ्यावर पाठीवर मोठाली झोळी घेतलेले परदेशी तरुण कित्येक वर्षे येत आहेत. कमी खर्चात जग पाहणारी पोरे, मला ती आवडतात. त्यांच्यापुढे वाळूत मण्यांच्या माळा मांडून बसतात त्या लमाणी बायका. दोघांकडेही पाहताना आपण लमाणीला उपरी समजतो. गोव्याशी तिच्या जमातीचे नाते आमच्या कितीतरी रस्त्यांपेक्षा जुने आहे.

कणकुंबीला पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. इथे मलप्रभा उगमते, माउलीचे देऊळ आहे, आणि जवळच कळसा नाल्याचा तो कालवा, ज्याच्या पाण्यावरून म्हादई लवादाने 2018 मध्ये निवाडा दिला तरी गोवा आणि कर्नाटकाचे भांडण मिटलेले नाही. देवळाजवळच्या एका घरी पाणी मागितले. घरातली बाई म्हणाली, "कुठनं आलासा?" आगरवाडा म्हटल्यावर तिला कळले नाही. मी पिशवीतले मीठ काढून दाखवले. तिने एक खडा जिभेवर ठेवला आणि आत वळून सासूला हाक मारली. सासू भिंतीला धरत बाहेर आली, मुठीत मीठ घेऊन दाबून पाहिले. "खालचं मीठ," ती म्हणाली. "लोणच्याला हेच लागायचं."

रात्री आम्ही त्यांच्या पडवीत झोपलो. सकाळी निघताना मी पैसे पुढे केले. सुनेने हात मागे घेतला. माझी रिकामी झालेली कापडी पिशवी सासूच्या हातात होती. ती आत गेली आणि पिशवीभर नाचणी घेऊन आली. तोंड सुतळीने बांधलेले होते.